सिद्दी (गोवा–उत्तर कन्नड सीमाभाग)

गोव्याच्या पूर्वेस व आग्नेयेस पसरलेल्या सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात, मुख्यतः उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा व अंकोला तालुक्यांत, तसेच बेळगाव जिल्ह्यातील खानापूर आणि धारवाड जिल्ह्यातील कलघटगी या परिसरांत राहणारा आफ्रिकी वंशाचा समाज म्हणजे सिद्दी. पोर्तुगीज गोव्यातील धन्यांच्या घरांतून निसटून या रानात स्वतंत्र वस्ती करणारे गुलाम हे या समाजाच्या पूर्वजांतील एक मोठे घटक होत. सर्वच सिद्दी पळालेल्यांचे वंशज आहेत असे मात्र नाही. काहींचे पूर्वज आदिलशाही फौजेतील हबशी शिपाई होते, तर काहींना व्यापाऱ्यांनी घाटावर आणून विकले होते.

नाव

‘सिद्दी’ हा शब्द बहुधा ‘धनी’ किंवा ‘स्वामी’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. ज्यांना दुसऱ्याची मालमत्ता मानले गेले त्यांच्याच वंशजांनी हे नाव धारण करावे, हा भाषेचा विलक्षण योगायोग होय. गोव्याच्या कोकणीत आफ्रिकी माणसास ‘खापरी’ म्हणत.

मराठवाड्यातील हबशी

मराठी वाचकास हबशी म्हटले की मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. लहानपणी विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला व १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. लातूर जिल्ह्यातील उदगीरचा किल्ला १६३६ मध्ये मोगलांच्या हाती गेला, तेव्हा तेथील किल्लेदार सिद्दी मिफ्ताह हाही हबशीच होता. दख्खनच्या दरबारांत तलवारीच्या बळावर गुलामाला सरदार होता येत असे. गोव्यातील घरगुती गुलामाला ही वाट नव्हती. त्याच्यासाठी उरे ती पळवाट.

गोव्यातील गुलामगिरी

पोर्तुगीज जहाजांतून मुख्यतः मोझांबिकच्या किनाऱ्यावरून माणसे गोव्यात आणली जात. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन आणि १६०८ ते १६१० या काळात तेथे असलेला फ्रेंच प्रवासी पिरार या दोघांनीही भर रस्त्यात होणाऱ्या माणसांच्या लिलावांचे वर्णन केले आहे. पालखी वाहणे, छत्री धरणे, पाणी भरणे ही पुरुषांची कामे. स्त्रिया गोड पदार्थ व भरतकाम विकून आणत आणि मिळकत धन्याच्या हाती देत. गुलामांची संख्या हा प्रतिष्ठेचा विषय असे.

पलायन आणि सीमा

हे पलायन समजून घ्यावयाचे तर आधी नकाशा पाहावा लागतो. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्तुगीजांचा गोवा म्हणजे प्रामुख्याने तिसवाडी, बारदेश व साष्टी एवढाच मुलूख होता. खाडी ओलांडली की दुसरे राज्य लागे: प्रथम आदिलशाही, पुढे मराठे व सोंद्याचे राजे. तेथे पोर्तुगीज धन्याचा हक्क चालत नसे. १७६३ ते १७८८ या काळात फोंडे, डिचोली, सत्तरी, सांगे, काणकोण हे महाल पोर्तुगीजांकडे गेले आणि सीमा घाटमाथ्यापर्यंत सरकली. आता सुटकेसाठी खाडीऐवजी घाट चढावा लागे. घाटावर काळी नदीच्या खोऱ्यातील घनदाट जंगल होते आणि पाठलाग करणाऱ्यास तेथे माणूस शोधणे अवघड होते.

१७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर कानडा प्रांत इंग्रजांकडे आला. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या न्यायालयांत गुलामावरील मालकी हक्काची दाद मागता येईनाशी झाली. पोर्तुगालने १८३६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, पण गुलामगिरी रद्द करणारा हुकूम निघाला तो १८६९ मध्ये, आणि तोही मुक्त झालेल्यांना काही वर्षे जुन्या धन्याकडेच राबावयास लावणारा. म्हणजे सुमारे पाव शतक अशी स्थिती होती, की घाटाच्या एका बाजूस माणूस कायद्याने मालमत्ता होता आणि दुसऱ्या बाजूस नव्हता. गोव्यातील गुलामांच्या मुक्तीचा इतिहास लिहिताना लिस्बनच्या हुकमांनाच सारे श्रेय देणे त्यामुळे अपुरे ठरते. कित्येकांनी हुकमाची वाट पाहिली नाही.

रानातील जीवन

जंगल तोडून शेती, मध व इतर वनोपज गोळा करणे, शिकार ही सुरुवातीची उपजीविका होती. वनकायदे कडक झाल्यावर रान हातचे गेले आणि अनेक कुटुंबे सुपारीच्या बागायतदारांकडे कर्जापोटी राबू लागली. कन्नडमध्ये या वेठीस ‘जीत’ म्हणतात. उचल घेऊन वर्षानुवर्षे न फिटणाऱ्या सालगड्याची स्थिती मराठवाड्यातील वाचकास ठाऊक आहे. हे त्याहून फार वेगळे नव्हते. वेठबिगारीस कायद्याने बंदी आली ती १९७६ मध्ये.

भाषा, धर्म व संस्कृती

सिद्दींची घरगुती बोली कोकणीवर आधारलेली असून तीत मराठी व कन्नड शब्दांची भर आहे. पूर्वज गोव्याहून आल्याची खूण या बोलीत टिकून आहे. समाजात हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आढळतात. धर्म वेगळे असले तरी यल्लापूर तालुक्यातील सातुंबैल येथील सिद्दी नास या पूर्वजदैवताच्या उत्सवास तिन्ही धर्मांचे सिद्दी जमतात. ‘डमाम’ हे त्यांचे वाद्य व त्यावरील नृत्य प्रसिद्ध आहे. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून स्त्रिया शिवतात त्या गोधडीस ‘कवंदी’ म्हणतात.

सद्यस्थिती

२००३ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. शेजारच्या बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील त्यांच्याच नातलगांना मात्र जिल्ह्याच्या हद्दीमुळे हा दर्जा मिळाला नव्हता. तो त्यांना पुष्कळ उशिरा मिळाला. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात सुमारे दहा हजार सिद्दी आहेत. २०२० मध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. राज्याच्या विधिमंडळात पोहोचलेले ते या समाजाचे पहिले सदस्य होत.