ब्रोल्योच्या सरदाराचें पत्र

इटलीच्या एकीकरणाचा इतिहास महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना परका नाहीं. १९०७ सालीं सावरकरांचा मॅझिनीवरील मराठी ग्रंथ निघाला. गॅरिबाल्डी व काव्हूर हीं नांवेंहि येथें पिढ्यान् पिढ्या ऐकिवांत आहेत. परंतु जून १८६१ मध्यें काव्हूर मरण पावल्यावर इटलीचें मुख्य प्रधानपद ज्याच्याकडे आलें, त्या बेत्तीनो रिकासोलीचें नांव सहसा कोणाच्या ओठीं येत नाहीं. १८६० मध्यें टस्कनी प्रांत संयुक्त इटलीच्या पदरांत टाकणारा हा करारी गृहस्थ ‘पोलादी सरदार’ म्हणून ओळखला जाई. मद्याच्या जगांत मात्र त्याचें नांव राहिलें तें एका पत्रामुळें, आणि त्या पत्राचा राजकारणाशीं कांहींएक संबंध नाहीं.

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन जुन्या वैरी नगरांच्या मधोमध ज्या टेकड्या पसरल्या आहेत, त्यांना कियांती म्हणतात. जमीन खडकाळ, धान्य बेताचें, ऑलिव्ह व द्राक्ष मात्र उत्तम. येथील तांबडें मद्य समुद्रमार्गें परदेशीं जाऊं लागलें, तशी त्याच्या नांवावर भलतेंच कांहीं विकण्याची लबाडीहि वाढली. तेव्हां १७१६ सालीं मेदिची घराण्यांतील ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें जाहीरनामा काढून कियांतीसह चार मुलुखांच्या सीमा आंखून दिल्या. मद्याच्या नांवाला कायद्यानें हद्द घालून देण्याच्या जगांतील अगदीं आरंभींच्या उदाहरणांपैकीं हें एक होय. त्या हद्दीच्या आंत कोणतें द्राक्ष किती घालावें, हा प्रश्न मात्र मोकळाच राहिला.

तो रिकासोलीनें हातीं घेतला. गायोले गांवाजवळील ब्रोल्योचा किल्ला ११४१ पासून त्याच्या घराण्याकडे होता. पण १८०९ मध्यें जन्मलेल्या बेत्तीनोच्या वांट्याला तरुणपणींच किल्ल्याबरोबर कर्जाचा डोंगर आला. फ्लॉरेन्समधील एका नृत्यसभेंत कोणी तरुण आपल्या पत्नीशीं फारच लघळपणा करतो असें पाहून त्यानें त्याच रात्रीं गाडी जोडावयास सांगितली व तिला घेऊन तडक ब्रोल्यो गांठलें, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, शहर सोडून तो किल्ल्यावर राहिला हें खरें. त्यानें फ्रान्समधील मळे पाहिले, एकेका द्राक्षाचें मद्य वेगळें करून पारखलें आणि कित्येक वर्षांच्या खटाटोपानंतर १८७२ मध्यें पिसा विद्यापीठांतील प्राध्यापक चेझारे स्तुद्याती यांस आपला निष्कर्ष कळविला. मद्याला मुख्य सुगंध व जोम येतो तो सांजोवेझे या काळ्या द्राक्षानें. कानायोलो त्याचा उग्रपणा मोडतें. माल्व्हासिया हें पांढरें द्राक्ष मद्य हलकें करतें, म्हणून रोजच्या जेवणांतील मद्यांत तें घालावें, परंतु दीर्घकाळ मुरवावयाच्या मद्यांत घालूं नये. पुढील सारा घोटाळा या शेवटच्या अटीचा आहे.

कारण सरदार कांहींहि लिहो, वेली जोपासणारा होता तो अर्धेलीचा शेतकरी. या पद्धतीला तेथें मेद्झाद्रिया म्हणत. जमीन व घर धन्याचें, राबणूक सगळ्या कुटुंबाची, आणि पीक निम्में निम्में. घरांतील लग्नालासुद्धां धन्याची संमति लागे. वेली मेपलच्या झाडांवर चढवीत आणि मधल्या पट्ट्यांत गहू व कडधान्यें पेरीत, म्हणजे एक पीक बुडालें तरी दुसरें हातीं येई. निम्म्या वांट्यावर जगणाऱ्या माणसाला उत्तम द्राक्षापेक्षां भरघोस द्राक्ष प्रिय वाटल्यास त्यांत नवल तें काय? त्रेब्यानो हें पांढरें द्राक्ष भरभरून पिकतें. त्याचें प्रस्थ वाढलें, याचा दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाला देण्याची चाल आहे. तो खरोखर वांट्याच्या हिशेबाला द्यावयास हवा. शिवाय त्या शेतकऱ्याजवळ कसब कमी नव्हतें. कांहीं घोंस निवडून वेताच्या चट्यांवर सुकवावयाचे, हिवाळ्याच्या तोंडाशीं ते चेंचून नव्या मद्यांत घालावयाचे, म्हणजे तें पुन्हां आंबूं लागतें व लवकर मऊ होतें. गोव्हेर्नो नांवाची ही युक्ति तेथें घरोघर चाले. तें मद्य ज्या गोल बुडाच्या कांचेच्या चंबूंत भरीत, त्याभोंवतीं पाणगवताचें वेष्टण विणीत. त्या विणकामावर अनेक गरीब घरांतल्या चुली पेटत.

१९३२ मध्यें सरकारनें कियांती हें नांव जुन्या हद्दीबाहेर दूरवर पसरविलें व मूळच्या मुलुखाला ‘क्लासिको’ हें विशेषण दिलें. १९६७ च्या नियमांनीं तर कहर केला: कियांतींत १० ते ३० टक्के पांढरीं द्राक्षें घालणें सक्तीचें झालें. यालाच लोक सरदाराची कृति म्हणूं लागले. त्यानें घातलेली अट कोणी वाचली नाहीं. तेव्हां आंतिनोरी या जुन्या घराण्यानें १९७१ च्या पिकापासून ‘तिन्यानेल्लो’ नांवाचें मद्य कियांतीच्या नांवाबाहेर काढलें, आणि १९७५ च्या पिकापासून त्यांतून पांढरें द्राक्ष साफ वगळलें. कायद्याच्या लेखीं तें साधें जेवणाचें मद्य होतें. बाजारांत त्याची किंमत कियांतीहून चढी ठरली.

याच सुमारास मळ्यांतील माणसें निघून जात होतीं. महायुद्धानंतर तरुण मंडळी फ्लॉरेन्स, प्रातो येथील कारखान्यांकडे वळली. १९६४ च्या कायद्यानें अर्धेलीचे नवे करार बंद केले व १९८२ च्या कायद्यानें उरलेले करार खंडांत बदलण्याची वाट मोकळी केली. झाडांवरच्या वेली उपटून तेथें ट्रॅक्टर जाईल अशा तारेच्या रांगा आल्या, आणि ओस पडलेलीं दगडी घरें परदेशीयांनीं व शहरवासीयांनीं विकत घेतलीं. अर्ध्या वांट्याला मोल येण्याचे दिवस आले तेव्हां वांटेकरीच उरला नव्हता.

१९९६ मध्यें क्लासिको मुलुखांत निव्वळ सांजोवेझेच्या मद्याला मान्यता मिळाली आणि २००६ च्या पिकापासून तेथें पांढरें द्राक्ष वर्ज्य झालें. सरदाराची अट अशा रीतीनें १३४ वर्षांनीं कायद्यांत उतरली. पण तीहि निम्मीच. रोजच्या जेवणांतील हलक्या मद्यासाठीं त्यानें माल्व्हासियाला जी जागा ठेविली होती, ती ब्रोल्योच्या भोंवतालच्या मुलुखांत आतां राहिलेली नाहीं. हद्दीबाहेरच्या विस्तृत कियांतींत मात्र थोडें पांढरें द्राक्ष अजून चालतें.