मोहर खुडणारी माणसं : एक एकर वाडीची गोष्ट

आजचा भाग माझ्या हॉस्टेलच्या रूममेटमुळे सुचला. तो जव्हारचा. लहानपणी दिवाळी झाली की त्याचे आईबाबा वीटभट्टीवर जायचे आणि तो आजीकडे राहायचा. नाचणी-वरी संपली, की पाड्यावर पुढच्या पावसापर्यंत काही कामच नसायचं. तो चौथीत असताना त्यांच्या एका एकरात ‘वाडी’ लागली.

ही वाडी आली कुठून? १९४६ साली गांधीजींसोबत मणिभाई देसाई नावाचा एक तरुण पुण्याजवळ उरुळीकांचनला आला आणि तिथेच राहिला. त्यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ संस्था उभी केली. याच संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातमधल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसोबत वाडीचं काम सुरू केलं. तिथेही तेच चित्र होतं. उताराची जमीन, पावसावरचं एकच पीक, मग कामासाठी स्थलांतर.

आता डिझाइन बघा. मी इंजिनिअर आहे, मला हेच जास्त आवडलं! साधारण एकरभर जमिनीत आंबा किंवा काजूची कलमं. कडेने बांबू, साग, ग्लिरिसिडिया, म्हणजे कुंपण, जळण आणि पाला एकाच रांगेतून. झाडांच्या मधल्या जागेत नाचणी, उडीद, भाजी. हे मधलं पीक फार महत्त्वाचं. आंबा धरायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर घरात खायचं काय?

खरं शिकवायला लागतं तेही या वाट बघण्यातच. उन्हाळ्यात मीटरभर खोल खड्डे खणायचे. पहिले उन्हाळे घागरीने पाणी घालून रोपं जगवायची. कलमाच्या जोडाखालून फुटलेला कोंब काढायचा, नाहीतर खालचं रायवळ झाड वाढतं आणि वरचं कलम मरतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे सुरुवातीची दोन-तीन वर्षं आलेला मोहर स्वतःच्या हाताने खुडून टाकायचा. झाडाची ताकद आधी खोडात जावी म्हणून. ज्याच्या घरात पैसा नाही त्याला हे सांगून बघा! रोपं वाटणं त्या मानाने सोपं. मला वाटतं, नुसती रोपं वाटणाऱ्या योजना फसतात त्या इथेच.

पुढे नाबार्डने हे मॉडेल उचललं आणि २००३-०४ पासून आदिवासी विकास निधीतून ते अनेक राज्यांत गेलं.

सगळं गोड आहे असंही नाही. अवकाळी पाऊस आला की मोहर जातो, बाजारात व्यापारी भाव पाडतो. परवा रूममेटच्या बाबांशी फोनवर बोललो. यंदा आंबा फार नाही म्हणाले. “काजू हाय, बांबू हाय. भट्टीवर नाय जायचं.” मग विचारलं, “तू कधी येतोस?”

मे महिन्यात जातोय. माइक घेऊन.