कच्ची नोंद आणि पक्की नोंद : बुलढाणा जिल्ह्याचे जमीन-दप्तर व डेटाबेस-जोडणीचा इतिहास

वऱ्हाडच्या जमीन-महसुलाचे विवेचन करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा सारा, मोजणी व धारणापद्धती यांवर खिळते. दप्तर कोणत्या कचेरीत असावे आणि त्यात लिहिण्याचा अधिकार कोणास असावा, हा प्रश्न गौण मानला जातो. वस्तुतः संगणकाच्या युगात या प्रश्नास जे महत्त्व प्राप्त झाले आहे, त्याचे मूळ जुन्या दप्तरातच शोधावे लागते.

त्याचे एक उदाहरण बुलढाणा जिल्ह्याच्याच इतिहासात आढळते. १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाणा जिल्ह्यास जोडण्यात आले. त्यामुळे शेतांच्या हद्दी बदलल्या नाहीत आणि खातेदारांची नावेही बदलली नाहीत. बदलले ते केवळ जिल्ह्याच्या कचेरीचे ठिकाण. दप्तरातील मजकूर ही एक गोष्ट आणि दप्तराचा पत्ता ही दुसरी, हा भेद येथे स्पष्ट दिसतो.

दुसरा भेद कच्च्या व पक्क्या नोंदीचा. १५ ऑगस्ट १९६७ रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार हक्कातील बदलाची नोंद तलाठ्याने प्रथम फेरफार नोंदवहीत घ्यावयाची, तिची प्रत चावडीवर लावावयाची व हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची असते. हरकत आल्यास ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करीपर्यंत सातबारावर फेरफाराचा निर्देश पेन्सिलीने करावयाचा व पुढे तो शाईने कायम करावयाचा, असा परिपाठ होता. कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे शाई व पेन्सिल यांतील अंतर हे मालकी व दावा यांतील अंतर होते. आणि ते अंतर निरक्षर शेतकऱ्यासही डोळ्यांनी दिसत असे.

संगणकीकरणाने हे दृश्य अंतर नाहीसे केले. भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र शासनाची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून तीत विदर्भातीलच वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. तालुक्याच्या कपाटातील वही अशा रीतीने डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकावरील सुसूत्र नोंदसंग्रहात, गेली. पडद्यावर मात्र सर्व अक्षरे सारखीच दिसतात.

अशा नोंदसंग्रहावर चालणारा प्रोग्राम किमान दोन ठिकाणी नांदतो. एक, तो लिहिणाऱ्याच्या संगणकावर, जेथे नोंदी काल्पनिक असतात व त्या कितीदाही पुसता येतात; दोन, प्रत्यक्ष कामकाजाच्या सर्व्हरवर, जेथे प्रत्येक नोंद कोणाच्या तरी शेताची असते. प्रोग्राम दोन्हीकडे तोच असतो. तो कोणत्या दप्तरात लिहील हे केवळ जोडणीवर, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, डेटाबेसचे नाव, वापरकर्ता व पासवर्ड या चार-दोन ओळींवर अवलंबून असते.

आरंभी या ओळी प्रोग्रामच्या मजकुरातच लिहिल्या जात. त्यामुळे सर्व्हर बदलला की प्रोग्राम बदलावा लागे, प्रोग्राम वाचणाऱ्या प्रत्येकास पासवर्ड कळे, आणि एखादी ओळ बदलावयाची विसरली तर चाचणीच्या नोंदी खऱ्या दप्तरात उतरत. जोडणी प्रोग्रामबाहेर ठेवण्याची साधने क्रमाक्रमाने आली. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत परिसर-चलांची सोय झाली. त्यांतील मूल्ये प्रत्येक संगणकावर वेगळी ठेवता येतात. १९९२ मध्ये ओडीबीसी या मानकाने डेटाबेसचा पत्ता प्रोग्रामबाहेर एका नावाखाली नोंदविण्याची पद्धत रूढ केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेल्स या चौकटीने विकास, चाचणी व प्रत्यक्ष वापर यांच्या जोडण्यांसाठी एकाच फाइलमध्ये तीन स्वतंत्र कप्पे केले. २०११ मध्ये अॅडम विगिन्स यांनी मांडलेल्या बारा तत्त्वांत याची कसोटीच दिली आहे : कोणतेही गुपित उघड न होता प्रोग्रामचा संपूर्ण मजकूर या क्षणी जाहीर करता येईल काय? येत नसेल, तर पत्ता व मजकूर अद्याप वेगळे झालेले नाहीत.

दोन ठिकाणांतील भेद संख्येचाही आहे. प्रोग्राम लिहिणारा एकटा असतो. प्रत्यक्षात बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील तेरा तालुक्यांतून एकाच वेळी मागण्या येऊ शकतात. प्रत्येक उघडी जोडणी सर्व्हरची स्मृती व्यापते. पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसची मूळ मर्यादा एका वेळी शंभर जोडण्यांची असते. म्हणून मोजक्या जोडण्या उघड्या ठेवून त्या पाळीपाळीने वापरावयाच्या, अशी व्यवस्था करावी लागते. काम संपल्यावर जोडणी परत न केल्यास बाकीचे ताटकळत राहतात. एकाच कारकुनाने नोंदवही घरी नेल्यावर कचेरीचे जे होईल, तेच येथे होते.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत दिसून आले. दुय्यम सर्व्हर समजून एका अभियंत्याने मुख्य सर्व्हरवरील सुमारे ३०० गिगाबाइट माहिती पुसण्याची आज्ञा दिली. नित्याच्या प्रती तयारच झालेल्या नव्हत्या, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा असताना प्रत काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे चालविले जात होते. अखेर उपयोगी पडली ती सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीच्या सर्व्हरसाठी घेतलेली प्रत. त्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. त्यानंतर योजलेल्या उपायांपैकी एक लक्षणीय आहे : प्रत्यक्ष सर्व्हरवर आज्ञेच्या ओळीचा आरंभ लाल रंगात व चाचणीच्या सर्व्हरवर पिवळ्या रंगात दिसावा.

हा उपाय म्हणजे शाई व पेन्सिल यांचेच पुनरागमन होय. जुन्या महसुली व्यवस्थेत दोष पुष्कळ होते आणि कलम १५५ ची लेखनप्रमाद-दुरुस्तीची तरतूद त्याची साक्ष देते. तथापि, कच्चे काय व पक्के काय हे लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोपवावयाचे नाही, हे तत्त्व तिने जपले होते. मेहकर वा मोताळा तालुक्यातील खातेदारास जोडणीच्या ओळी कधी दिसणार नाहीत. पीककर्जासाठी तो जो उतारा बँकेत नेतो, त्याची विश्वासार्हता मात्र त्या ओळी योग्य दप्तराकडे वळविलेल्या आहेत की नाहीत यावरच उभी असते.