लुट्स झायलर : नकाशावरून पुसलेलं गाव

आजचे लेखक जर्मन कवी-कादंबरीकार लुट्स झायलर. २०२३ साली त्यांना ब्यूशनर पुरस्कार मिळाला, जर्मन साहित्यातला सर्वांत मानाचा. पण आपण सुरुवात करू ती एका गावापासून, जे आज जागेवर नाही.

गाव कुल्मिच, पूर्व जर्मनीच्या थुरिंगिया भागातलं. झायलर जन्मले १९६३ मध्ये गेरा शहरात, पण लहानपण या गावातलं. तिथल्या जमिनीत युरेनियम होतं आणि सोव्हिएत अणुबॉम्बसाठी ते हवं होतं. विस्मुट नावाची सोव्हिएत-जर्मन कंपनी ते खणून काढी. १९६८ च्या सुमारास गाव उठवलं, मग जमीनदोस्त केलं. धरणाखाली गेलेल्या गावांची माणसं आपल्याकडेही आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२००० साली त्यांचा कवितासंग्रह आला, ‘पेश उंट ब्लेंडे’. पेशब्लेंडे म्हणजे युरेनियमचं काळं खनिज. झायलरनी तो शब्द मधोमध फोडला आणि मध्ये ‘आणि’ घातला. ‘पेश’ म्हणजे डांबर, पण बोलताना जर्मन माणूस फुटक्या नशिबालाही ‘पेश’च म्हणतो. शब्दांची फोड करण्यात आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची हयात गेली. पण एका फोडीत गावाचं प्राक्तन दाखवणं आम्हाला काही जमलं नसतं.

हा माणूस साहित्यिकांच्या घरातून आलेला नाही बरं का. गवंडीकाम, सुतारकाम केलं, आणि वाचनाची गोडी लागली ती सक्तीच्या लष्करी सेवेत. विद्यापीठ नंतर. १९८९ च्या उन्हाळ्यात बाल्टिक समुद्रातल्या हिडेनझे बेटावर त्यांनी हॉटेलात भांडी घासली.

त्यातूनच २०१४ ची कादंबरी ‘क्रूझो’ आली. तिला जर्मन बुक प्राइझ मिळालं. नायक भांडी घासणारा. बेटासमोर डेन्मार्क, आणि पोहत किंवा होडक्यातून तिकडे पळू पाहणारे लोक. त्यातले कित्येक बुडाले. भिंतीवर मेलेल्यांची आठवण जगाने ठेवली. समुद्रात गेलेल्यांची कुणी ठेवायची? आमच्या मते कादंबरीचा गाभा तिच्या शेवटच्या भागात आहे. राज्य कोसळलंय, सीमा खुली झालीय, आणि नायक कोपनहेगनला जाऊन डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागलेल्या बेवारस प्रेतांच्या नोंदी शोधतोय. पूर्व जर्मनीने ज्यांचा हिशेब ठेवला नाही, त्यांच्या खुणा परक्या देशाच्या दप्तरात पडून होत्या.