शिकलगारांच्या हातातली सतार

मिरजेची सतार हत्यारांच्या कारागिरांनी घडवली. पटवर्धनांच्या संस्थानात शिकलगार तलवारी आणि भाल्यांना धार लावत. इंग्रजी अंमल पक्का झाला आणि त्यांचं हे काम आटलं. मिरजेत पिढ्यानपिढ्या सांगतात, की त्यांच्यातल्या फरीदसाहेबांकडे गवयांची तंतुवाद्यं दुरुस्तीला येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते स्वतःच तंबोरे आणि सतारी बनवू लागले. पुढे घराण्याला सतारमेकर हे आडनाव मिळालं.

मी निवृत्त होईपर्यंत कारखान्यात लेथवर होतो. सतार हाती घेतली ती त्यानंतर. त्यामुळे या इतिहासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. धातूवर मुरलेला हात शिकलगारांनी लाकडाला आणि सुराला लावला, आणि त्यातून एका गावाचा धंदा उभा राहिला.

सतारीच्या तुंब्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे, कडू भोपळे मिरजेत येतात. वाळलेला भोपळा कापून भिजवायचा, आतून काटक्यांचा ताण देऊन हवा तो घाट आणायचा आणि पुन्हा वाळवायचा. त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली, मग खुंट्या, नक्षी, पॉलिश. पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे ते सरकवता येतात.

सगळ्यांत अवघड काम जवारीचं. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. थरथरणारी तार त्या उताराला घासत राहते आणि त्या घासण्यातून सुराला झणत्कार येतो. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस घेतो. किती घासायचं हे कान ठरवतो. शिकलगाराची कानस इथे सुरासाठी चालते.

या कारागिरांना कानही तसेच लाभले. गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत. विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच त्यांच्याकडे शिकले, १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९३१ साली मिरजेतच देह ठेवला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले. जवारीतलं त्यांना उत्तम कळे. १९३७ साली ते गेले, तेव्हापासून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. गवई आणि कारागीर अशा शेजाराने राहिले म्हणून वाद्य सुधारत गेलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मी बोटात नखी चढवून सतारीचे ‘दा रा’ हे बोल घोटतो, तेव्हा बोटं लवकर वळत नाहीत. पण मींड घेताना तार किती ओढावी, ती कुठे तुटायला येईल, हे माझ्या हाताला आधीच ठाऊक असतं. लोखंडासोबत काढलेली वर्षं तिथे कामी येतात. उतारवयात वाद्य धरणाऱ्याने आपली जुनी विद्या बाजूला ठेवू नये. शिंप्याचं बोट, सुताराचं माप, शिक्षिकेची चिकाटी हे सगळं रियाजात उतरतं. सतार घ्यायची असेल, तर मिरजेला जाऊन जवारी लावताना कारागिराजवळ बसावं आणि त्याच्या कानाने ऐकायला शिकावं. पहिला धडा तिथेच मिळतो.