संगणकीय स्मृतीची विश्वासार्हता : मुंबई उपनगरांतील जुळणी व्यवसायाच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भारतातील संगणकाचा इतिहास बहुधा संस्था, धोरणे आणि मोठ्या उद्योगांच्या अंगाने लिहिला जातो. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील छोट्या दुकानांत सुटे भाग जोडून संगणक उभे करणाऱ्या कारागिरांची त्यात क्वचितच दखल घेतली जाते. प्रस्तुत लेखात संगणकीय स्मृती, म्हणजेच मेमरी, या एका घटकाच्या आधारे त्यांच्या ज्ञानाचे ऐतिहासिक स्थान तपासले आहे.

फेराइट स्मृतीचा काळ :
टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात ४० बिटांचे २०४८ शब्द साठविणारी फेराइट कड्यांची स्मृती होती. आजच्या मापात ही क्षमता अवघी १० किलोबाइट भरते. अशा स्मृतीत प्रत्येक कडीतून जाणाऱ्या दोन तारांमधून निम्मा-निम्मा विद्युतप्रवाह सोडला जाई. प्रवाह कमी पडल्यास कडीची चुंबकीय दिशा बदलत नसे. अधिक झाल्यास शेजारच्या कड्या विचलित होत. तापमानानुसार ही मर्यादाही सरकत असे. अमेरिकेतील ‘व्हर्लविंड’ प्रकल्पात व्होल्टेज मुद्दाम कमी-अधिक करून दुर्बल भाग आधीच हुडकण्याची पद्धत रूढ झाली. यंत्र चालते एवढे पुरेसे नाही, ते मर्यादेपासून किती दूर राहून चालते हे महत्त्वाचे, हा त्यामागील विचार होय.

उपनगरांतील जुळणी :
१९७३ साली अंधेरीत स्थापन झालेले सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र परदेशी बाजारपेठेसाठी होते. स्थानिक ग्राहकाची गरज भागविली ती नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर वाढलेल्या जुळणी व्यवसायाने. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले सुटे भाग लोकलने उपनगरांत पोहोचत आणि तेथे ‘असेंबल्ड’ संगणक तयार होई.

या कारागिरांपुढील नित्याचा प्रश्न म्हणजे संगणकाने रॅम न ओळखणे. पावसाळी दमट हवेत पट्टीच्या संपर्कबिंदूंवर थर चढे. तो खोडरबराने पुसण्याचा उपाय सर्वत्र रूढ होता. मात्र प्रत्येक दोष इतका सोपा नव्हता. ४४०बीएक्स चिपसंच असलेल्या मदरबोर्डवर अधिक घनतेच्या चिप्सची २५६ मेगाबाइटची पट्टी बसविल्यास १२८ मेगाबाइटच दिसत. पट्टी निर्दोष असे. चिपसंचाला तिचे पूर्ण पत्ते देता येत नसत.

१९९८ साली आलेल्या ३०० मेगाहर्ट्‌झच्या सेलेरॉन प्रोसेसरने ओव्हरक्लॉकिंग लोकप्रिय केले. बसची गती ६६ वरून १०० केली की तोच प्रोसेसर ४५० वर चाले. परंतु त्याच बसवर चालणाऱ्या स्मृतीवरही ताण येई. ६६ मेगाहर्ट्‌झसाठी बनविलेली पट्टी अशा वेळी सुरुवातीला ठीक दिसे आणि उन्हाळ्याच्या दुपारी दगा देई. म्हणून जाणकार कारागीर स्मृतीचाचणी रात्रभर चालू ठेवीत. व्हर्लविंडमधील तत्त्वच येथे वेगळ्या मार्गाने पुन्हा अवतरले होते.

हरवलेली सूचना :
१९८१ च्या आयबीएम पीसीत आठ बिटांमागे नववा तपासणी बिट असे. एखादा बिट बदलल्यास यंत्र थांबून चूक कळवी. १९९० च्या दशकात खर्च वाचविण्यासाठी सामान्य संगणकांतून हा बिट वगळला गेला. परिणामी चूक निमूटपणे आकड्यांत शिरू लागली. परीक्षेचे गुण, वेतनपत्रके, संशोधनाची आकडेवारी अशाच यंत्रांवर तयार होत होती, हे आपण अध्यापकांनी विसरता कामा नये.

निष्कर्ष :
स्वस्ताईमुळे यंत्रातील सावधगिरी कमी झाली आणि तिची जबाबदारी कारागिरावर आली. ती त्याने अनुभवाने पेलली. पण तो अनुभव लिहिला गेला नाही. महाविद्यालयांच्या जडवस्तुसंग्रह नोंदवह्या, दुरुस्तीची बिले आणि निर्लेखित संगणक ही या इतिहासाची साधने आहेत. ती भंगारात जाण्यापूर्वी जतन करणे आणि त्या कारागिरांच्या मुलाखती नोंदविणे, हे उपनगरांतील महाविद्यालयांना सहज शक्य असलेले कार्य आहे.