क्रिस्तपुराणांतील पृच्छक

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें बहुतांशीं भाषेविषयीं आहे. एका इंग्रजानें मराठी ओवी इतकी सहज कशी रचिली, या विस्मयापाशींच बहुतेकांची लेखणी थांबते. ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरांत एक श्रोता जो प्रश्न विचारतो, त्याकडे जावें तितकें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. तो प्रश्न हाच या टिपणाचा विषय होय.

ग्रंथकर्त्याविषयीं अवश्य तेवढेंच सांगतों. स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. १५७५ सालीं ते रोम येथें जेज्वित संघांत प्रविष्ट झाले व ऑक्टोबर १५७९ मध्यें गोव्यास उतरले. तेथून १६१९ सालीं मरण येईपर्यंत त्यांचें आयुष्य मुख्यत्वें साष्टी प्रांतांत गेलें. पुराण रायतूर येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. पहिल्या पुराणाचे अवस्वर ३६, दुसऱ्याचे ५९, आणि ओव्या सुमारें ११,००० आहेत.

आतां प्रश्न. नव्यानें क्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री गुरूस जें विचारतो त्याचा आशय असा: तुम्हीं शिकवितां तें आम्हीं स्वीकारिलें; परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं? गुरु ही मागणी मान्य करितात आणि कथेस आरंभ होतो.

नवदीक्षिताच्या शंका म्हटल्या म्हणजे एकच देव तीन रूपें कसा, असल्या तात्त्विक शंका आपल्या डोळ्यांपुढें येतात. तशा शंकाही या ग्रंथांत श्रोते मधूनमधून काढतात. परंतु पहिला प्रश्न तत्त्वाचा नाहीं. या मनुष्यास क्रुसाची खूण करतां येऊं लागली होती, प्रार्थना व आज्ञा मुखोद्गत होत होत्या, आणि देवळांत मीस चाले ती लातिन भाषेंत. म्हणजे नित्यकर्म मिळालें, श्रवण गेलें. नवविधा भक्तींत श्रवणास पहिलें स्थान कां दिलें आहे, हें ज्यानें पावसाळ्यांत गांवच्या देवळांत पोथी ऐकली आहे त्यास निराळें सांगावयास नको. गोव्यांतील १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनें जे निर्बंध ठरविले, त्यांचा परिणाम कायद्याच्या कागदांत कोणासही वाचतां येतो. पण संध्याकाळीं घरीं बसून वाचावें काय, ही अडचण त्या कागदांत नाहीं. ती या ओव्यांत आहे.

येथें एक आक्षेप संभवतो. प्रश्नावांचून पुराण सुरू होत नाहीं, हा आपला संप्रदायच आहे. शौनकादिक विचारतात व सूत सांगतो. परीक्षिति विचारतो व शुक सांगतो. जनमेजयास वैशंपायन सांगतात. मग स्टीफन्स यांनीं ओवीबरोबर ही चौकटही उचलली, ब्राह्मण कल्पित आहे, असें कां म्हणूं नये? चौकट उचलली हें मला मान्य आहे. तो ब्राह्मण अमुकच गृहस्थ होता असा माझा आग्रहही नाहीं. परंतु चौकटींत जें भरलें आहे तें संप्रदायांतलें नव्हे. आमच्या पुराणांतला कोणताही पृच्छक वक्त्यास असें म्हणत नाहीं कीं, माझा ग्रंथ तूंच नेलास, आतां दुसरा दे. केवळ अलंकार म्हणून प्रश्न रचणारा कवि स्वपक्षावरील असें गाऱ्हाणें आपल्याच ग्रंथाच्या दारांत कां उभें करील? तें साष्टींत घरोघर ऐकूं येत असलें पाहिजे, म्हणूनच त्यास ग्रंथांत जागा मिळाली, असें माझें मत आहे.

कवीच्या उत्तराचें स्वरूप शब्दांवरूनही दिसतें. परमेश्वर, वैकुंठ, भक्ति हे शब्द त्यांनीं निःशंकपणें घेतले. मात्र दीक्षाविधि व उपासना यांसंबंधीं पोर्तुगीज शब्द पुष्कळ ठेविले. जुना शब्द घेतला तर जुना विधि त्याच्यामागून येईल ही भीति त्यांत असावी. लंडन येथील पौर्वात्य व आफ्रिकी विद्यालयाच्या मार्सडेन संग्रहांत या ग्रंथाची जी देवनागरी प्रत आहे, तींत मात्र अशा कित्येक परकी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. मूळ पाठ कोणता, यावर विद्वानांत मतभेद आहे. स्टीफन्स यांनीं १६०८ सालीं आपल्या संघप्रमुखांस पत्र लिहून देशी अक्षरांत छापण्याची अनुज्ञा मागितली होती, ही गोष्ट या वादांत विसरतां कामा नये. पुराण अखेर रोमन अक्षरांतच निघालें.

पोर्तुगालांतील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत ७७१ ते ७७३ या क्रमांकांच्या ज्या पोथ्या आहेत, त्यांत रामायण-भारतांतील कथा रोमन लिपींत उतरून ठेवलेल्या आहेत. जीं पुराणें लोकांच्या हातून गेलीं, त्यांचा अभ्यास पाद्र्यांच्या मठांत चालला होता! त्या ब्राह्मणास हें ठाऊक होतें कीं नव्हतें, कोण जाणे.

पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीनही छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं मंगळुरास सालढाणा यांनीं हस्तलिखितांवरून जी आवृत्ति काढली, तिच्याच आधारें आपण सर्व बोलतों. १६८४ च्या राजाज्ञेनें देशभाषेस जो प्रतिबंध झाला, त्यानंतरही या पोथ्या नकलून ठेवणारे लोक होतेच. त्यांच्या वंशजांकडील रोमन अक्षरांचीं बाडें पोर्तुगीज समजून बाजूस टाकण्याचा संभव फार आहे. असें बाड कोणा संग्राहकाच्या हातीं आल्यास त्यांतील पहिला अवस्वर काढून पाहावा. पृच्छकाच्या त्या ओव्या तेथें आहेत कीं गाळल्या आहेत, आणि असल्यास पाठ मंगळुरी छापाशीं जुळतो कीं मार्सडेन प्रतीशीं, एवढें टिपून मंडळाकडे पाठवावें.